कॅरम बोर्डावरचा बंड्या

ऑपरेशन झालेली दोन माणसं एकत्र आली की अर्ध्या तासात शर्ट वर करून टाके दाखवायला लागतात. आमच्या मंडळींत कुत्र्यांचे टाके दाखवतात, एवढाच फरक! मीरा रोडला डॉक्टर कर्णिकांच्या दवाखान्याबाहेर एक लाकडी बाक होता. त्यावर बसून बसून आमचं एक टोळकंच तयार झालं. सगळ्यांकडे डॅशहंड, आणि सगळ्यांच्या डॅशहंडची पाठ गेलेली. अजूनही कुठल्या लग्नात भेटलो तर हातात ताट धरून आम्ही तेच किस्से सांगत बसतो. शेजारची माणसं हळूच उठून जातात. तुम्ही बसलाच आहात तर सांगते.

आधी कुत्रा समजून घ्या. डॅशहंड ही मूळची जर्मन जात, लांबलचक अंग आणि चार आखूड पाय. त्या काळात आमच्याकडच्या वन बीएचकेवाल्यांनी हा कुत्रा "छोटा आहे, मावेल" म्हणून घेतला. परळहून इकडे राहायला आल्यावर आम्हीही तसाच घेतला. नाव बंड्या. उंचीने तो मावला. लांबीचा विचार कोणी केलाच नव्हता. ह्या जातीत मणक्यातली गादी सरकते, आतली नस दाबली जाते आणि मागचे पाय बंद पडतात. सोफ्यावरून उड्या मारणं वाईट, जिने चढणं-उतरणं वाईट. कुत्रा विकणाऱ्याने आम्हाला फक्त तो दूध-पोळी खातो एवढंच सांगितलं होतं.

*

हिनाबेन भाईंदरच्या जेसल पार्कची. तिची कॉफी नावाची कुत्री. डॉक्टरांनी सांगितलं, "हिला उडी मारू देऊ नका." आता कुत्रीला समजावणार कसं? हिनाबेनने सुताराला बोलावलं आणि सोफा, पलंग, खुर्च्या, सगळ्यांचे पाय कापून टाकले. घर जमिनीला टेकलं.

त्याच महिन्यात तिच्या मुलीला बघायला पाहुणे आले. मुलाचे वडील चांगले भरभक्कम. ते सवयीने सोफ्यावर बसायला गेले आणि जिथे सोफा असायला हवा होता तिथून बरेच खाली गेले! गुडघे हनुवटीला लागले. चहा झाला, फाफडा झाला, उठायची वेळ झाली आणि त्यांच्या पाठीत उसण भरली. दोघांनी हात धरून ओढलं तर ते ओरडले. हिनाबेन धावली, "रुको रुको, अंकल को खींचना नहीं! कमर सीधा रखना!" तिने त्यांना कॉफीच्या गादीवर कॉफीशेजारीच आडवं केलं.

दुपारभर ते तिथे पडून होते. पडल्या पडल्या बोलणी झाली आणि लग्न ठरलं. आम्ही अभिनंदन केलं तर हिनाबेन शांतपणे म्हणाली, "वो उठ सकते, तो चले जाते."

*

म्हात्रे काका भाईंदरच्या जुन्या गावातले. वाडवडिलांची मिठागरं होती, आता काकांचे ट्रक आहेत. आवाज असा की कर्णिकांना आत बसून कळायचं, आज कोण आलंय. त्यांच्या सुलतानला ऑपरेशन लागलं नाही, पण डॉक्टरांनी काही आठवडे पिंजऱ्यात ठेवायला सांगितलं. हालचाल बंद, पूर्ण आराम. काका भडकले.

"डाक्टर, यानं कुनाचं काय घेतलं न्हाय, मंग याला जेल कशाला?"

डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा समजावलं. शेवटी काकांनी पिंजरा करून घ्यायचं कबूल केलं. काही दिवसांनी डॉक्टर तपासायला त्यांच्या घरी गेले. ओटीवर वेल्डिंगवाल्याकडून करून घेतलेला भलामोठा पिंजरा. आत गादी. गादीवर सुलतान. सुलतानशेजारी बनियनवर काका, पेपर वाचत!

डॉक्टर म्हणाले, "काका, पिंजरा कुत्र्यापुरता हवा होता."

"मंग मी काय भायेर मोकला फिरू? आन याला एकट्याला आत ठेवू?"

डॉक्टरांनी मदतीसाठी काकूंकडे पाहिलं. काकू भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ऱ्हाऊंद्या डाक्टर. दोगं पन शांत हायेत."

*

पाठ गेलेल्या डॅशहंडला उचलायची एक पद्धत असते. एक हात छातीखाली, दुसरा पार्श्वभागाखाली, पाठ सरळ, पोट जमिनीकडे. कर्णिक बाकावरच्या प्रत्येकाकडून ती घोटवून घ्यायचे. हळूहळू आम्ही सगळंच तसं उचलायला लागलो. मी दुधी भोपळासुद्धा दोन्ही हातांनी, पाठ सरळ ठेवून पिशवीत घालायचे.

एकदा नात्यातल्या एका बारशाला गेलो. बाळ सकाळपासून किंचाळत होतं. हातोहाती फिरत ते माझ्या नवऱ्याकडे, सुधीरकडे आलं. सुधीर मुळात कमी बोलणारा. त्याने एक हात छातीखाली घातला, दुसरा मागे आणि बाळाला पालथं, जमिनीला समांतर धरलं. बाळ एकदम गप्प झालं! आरामात सगळ्यांच्या चपला बघत राहिलं.

बाळाची आजी घाबरून म्हणाली, "अहो, ही कुठली पद्धत?"

सुधीर म्हणाला, "जर्मन."

*

आमच्या बंड्याची पाठ एका सकाळी गेली. पोळीचा तुकडा मिळेल म्हणून तो ओट्याशी उभा होता. उभ्या उभ्या मागचे पाय खाली बसले. त्याने वळून आपल्या पायांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. पाय मी परत लावून देईन असं त्याला वाटत होतं. 

कर्णिक फोनवर म्हणाले, "सपाट फळीवर ठेवा, वाकवू नका, ताबडतोब आणा." सुधीर धावत खाली गेला आणि सोसायटीच्या क्लबरूममधून कॅरम बोर्ड घेऊन आला. आम्ही चौथ्या मजल्यावर. लिफ्टमध्ये कुत्र्यांना बंदी. दोघांनी दोन बाजू धरून बंड्याला जिन्याने खाली नेलं. जिन्यात बोर्ड तिरका व्हायचा आणि तो घसरत माझ्याकडे यायचा. कर्णिकांनी बघितलं आणि तसंच मुंबईला त्यांच्या ओळखीच्या सर्जनकडे पाठवलं.

सर्जनने बंड्याला तपासायला घेतलं. पोटाला सगळीकडे पांढरी पावडर.

"हे काय लावलंय?"

"बोरिक पावडर," सुधीर म्हणाला.

"कोणी सांगितलं लावायला? कशासाठी?"

सुधीरला खोटं बोलता येत नाही. तो म्हणाला, "स्ट्रायकर नीट जावा म्हणून."

*

ऑपरेशन झालं. पण पाय लगेच येत नाहीत, आणि तोवर लघवीसुद्धा आपोआप होत नाही. पोट हलकेच दाबून करवावी लागते. घरी सुट्टीवर असेल त्याने ती करवायची आणि दुसऱ्याला फोन करून कळवायचं, असा आमचा नियम होता. मी विमा कंपनीत होते. काउंटरवर माझ्यासमोर एक गृहस्थ बसलेले असताना फोन वाजला.

"झाली का? पूर्ण? नीट बघितलंस ना, आत राहिली नाही ना? हां, मग झोपू दे त्याला."

मी फोन ठेवला. गृहस्थ आदबीने म्हणाले, "मॅडम, माझ्या वडिलांचा हाच त्रास आहे. तुमचे डॉक्टर कोण?"

माझ्या डोक्यात बंड्या. मी पटकन कर्णिकांचं नाव, पत्ता, वेळ, सगळं सांगून टाकलं!

संध्याकाळी दवाखान्यात गेले तर बाकावर तेच गृहस्थ, शेजारी धोतरातले त्यांचे वडील आणि वडिलांच्या मांडीवर हिनाबेनची कॉफी. कर्णिकांनी त्यांना माणसांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिकडे ते बरेही झाले. पण वडील पुढे कितीतरी दिवस रोज संध्याकाळी बाकावर येऊन बसायचे. म्हणायचे, "त्या दवाखान्यात कोणी बोलत नाही हो."

*

आता पेढ्यांबद्दल सांगायला हवं. पाय गेलेला कुत्रा पुन्हा चालेल की नाही, हे बघायला डॉक्टर मागच्या पायाचं बोट चिमट्याने जोरात दाबतात. नुसता पाय आखडला तर उपयोग नाही, तो आपोआप आखडतो. कुत्र्याला दुखलेलं कळलं पाहिजे. त्याने वळून बघावं, केकाटावं, आणि चावला तर उत्तमच. आमच्या बाकावर चावणं ही आनंदाची बातमी असायची. सुलतान कर्णिकांना कडकडून चावला तेव्हा म्हात्रे काकांनी पेढे वाटले. बोटाला पट्टी बांधून कर्णिकांनीही एक खाल्ला.

बंड्याचं बोट दाबलं की पाय आखडायचा आणि बंड्या पंख्याकडे बघत राहायचा.

कर्णिक प्रत्येक वेळी म्हणायचे, "अजून थोडी वाट बघू." पुढेपुढे ते हे आमच्याकडे न बघता म्हणायला लागले. एकदा त्यांनी कुत्र्याला मागच्या पायांऐवजी चाकं लावतात त्या गाडीचा विषय काढला. सुधीर रोज सकाळी अंघोळ करून बंड्याजवळ बसायचा, त्याची बोटं दाबायचा आणि हळूच म्हणायचा, "दुखू दे रे." मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी लावायचे. आपल्या जिवाला दुखावं म्हणून मी तेव्हा पहिल्यांदाच देवापुढे हात जोडले.

*

राहिले सावंतसाहेब. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. कुत्र्यांना लिफ्टबंदी त्यांनीच आणलेली. ऑपरेशननंतर मी कमिटीपुढे गेले, म्हटलं, "जिन्यात बोर्ड तिरका होतो, टाके उसवतील. रोज व्यायामाला दवाखान्यात न्यायचंय." बरीच चर्चा झाली. शेवटी ठराव झाला, की आजारी कुत्र्याला लिफ्टने नेता येईल, पण कमिटीचा एक सदस्य सोबत असला पाहिजे. सोबत कोण जाणार? कोणीच हात वर करेना. सावंतसाहेबांनी स्वतः केला. नियम म्हणजे नियम!

त्यांना कुत्र्यांची जबरदस्त भीती. पण माणूस वक्तशीर. रोज संध्याकाळी इस्त्रीची पँट घालून ते चौथ्या मजल्यावर हजर व्हायचे. आमची लिफ्ट म्हणजे उभं कपाट. खाली बोर्ड ठेवला की आम्ही तिघं कडेकडेने उभे राहायचो. सावंतसाहेब भिंतीकडे तोंड करून. रोज एकच वाक्य बोलायचे, "हा बोर्ड सोसायटीचा आहे, स्पर्धेआधी परत पाहिजे."

सुधीर रोज म्हणायचा, "हो."

एका संध्याकाळी असेच निघालो. त्या दिवशी कर्णिक चाकांच्या गाडीसाठी बंड्याचं माप घेणार होते.  तिसरा मजला गेला आणि लाइट गेली. तेव्हा आमच्याकडे लोडशेडिंग होतं, पण वेळ ठरलेली असायची. त्या दिवशी वेळेआधीच गेली. लिफ्ट अधांतरी आणि आत डोळ्यात बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार.

सावंतसाहेब म्हणाले, "घाबरू नका, मी बेल वाजवतो." भिंतीकडचं तोंड फिरवून ते बटणांच्या बाजूला वळले. लाइट नसताना बेलही वाजत नाही, हे त्या गडबडीत कोणाच्या लक्षात आलं नाही.

बंड्या केकाटला! मोठ्यांदा, लांबलचक. त्यामागोमाग सावंतसाहेब केकाटले.

"चावला! अहो, चावला! माझी पँट! फाटली माझी पँट!"

नंतर बंड्याची धाप तेवढी ऐकू येत होती.  लिफ्टमध्ये शिरताना बंड्याचं डोकं माझ्या पायाशी होतं आणि शेपूट सावंतसाहेबांकडे. मी वाकून चाचपलं. माझ्या पायाशी डोकं नव्हतं.

"सावंतसाहेब," सुधीर म्हणाला.  "लागलं का तुम्हाला?"

"लागलं नाही, पण पँट..."

"तुम्ही त्याच्या पायावर पाय दिलात?"

"अंधारात दिसलं नाही हो! चुकून पडला. उजवा असावा. मागचा. सॉरी म्हणतो ना मी!"

मला रडू फुटलं. सावंतसाहेबांना वाटलं मी चिडले, ते आणखी दोनदा सॉरी म्हणाले.  सुधीरने अंधारात चाचपत सावंतसाहेबांचा हात शोधला, दोन्ही हातांत घट्ट धरला आणि म्हणाला,

"साहेब, आता जरा डाव्यावर द्या."