भुजंगाच्या मुठीतलं युकुलेले

फाउंड्रीत दोन गोष्टींचे ढीग लागतात, एक काळ्या वाळूचा आणि दुसरा किश्श्यांचा. वाळू चाळून परत वापरतात. किस्सेही तसेच, फक्त दर वेळी चाळणी थोडी बदलते! सत्तर-ऐंशीच्या दशकात बेळगावजवळ मच्छे गावातल्या एका फाउंड्रीत, पॅटर्न शॉपमध्ये माझी उमेदीची वर्षं गेली. पॅटर्न म्हणजे लाकडी नमुना. तो वाळूत दाबायचा, अलगद काढायचा आणि राहिलेल्या पोकळीत वितळलेल्या धातूचा रस ओतायचा. पंप असो नाहीतर गिरणीचं चाक, त्याचा पहिला जन्म आमच्याकडे लाकडात व्हायचा. आता जुनी मंडळी भेटली की फर्माइश एकच, "ती युकुलेलेची भानगड सांग." तेवढीच सांगतो.

* * *

आमच्या स्टोअरमधल्या फ्रान्सिसचा भाऊ जहाजावर नोकरीला. सुटीवर येताना त्यानं दोन खोकी आणली. एकात चार तारांचं चिमुकलं वाद्य होतं, गिटारच्या पोटचं पोर वाटावं असं. त्याचं नाव युकुलेले. दुसऱ्या खोक्यातही तेच, पण सगळं सुटं, म्हणजे किट. पातळ फळ्या, एक जाडजूड दांडा, खुंट्या, तारा. ज्याचं त्यानं घरी जोडायचं!

फ्रान्सिसची खात्रीच झाली की भावाला दुकानदारानं बनवलं. ते खोकं घेऊन तो परशराम अण्णांकडे आला. अण्णा आमचे हेड पॅटर्नमेकर, गुंजीकडचे. त्यांनी एक फळी हुंगली, कानाशी धरून नखानं वाजवली आणि खूश झाले. खोक्यात एक कागद होता, कसं जोडायचं ते सांगणारा. लिपी कुठली ते देव जाणे. अण्णांनी त्यात दुपारची भजी बांधून घेतली.

"अण्णा, अवो त्यात लिवलंय सगळं!" मी म्हणालो.

"लाकूड हातात हाय न्हवं? मग कागदाला काय इचारायचं?"

* * *

आता भुजंगाबद्दल सांगायला हवं. भुजंग निपाणीचा, आमचा सगळ्यात हुशार मोल्डर. वाळूचे साचे असे भरायचा की बघत राहावं. निपाणीत भीमगीतांची एक पार्टी होती, तिच्यात तो बेंजो वाजवायचा, डाव्या हातानं बटणं दाबायचा तो. जयंतीच्या आधी महिनाभर त्याच्या तोंडी दुसरा विषय नसायचा.

मग एके दिवशी ओतकाम चालू असताना रस उडाला आणि त्याच्या डाव्या हातावर आला. हात वाचला. पण बोटं अर्धी मिटली ती मिटलीच. उघडेनात, पुरती मिटेनातही. तो कामावर परत आला, बेंजो मात्र भाच्याला देऊन टाकला. एरवी जयंतीला हमखास सुट्टी टाकणारा भुजंग आता नेमका त्याच दिवशी ओव्हरटाइम मागायला लागला. निपाणीत सणाला तोंड दाखवणं त्यानं सोडूनच दिलं. आम्हाला ते बघवत नसे.

* * *

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत फ्रान्सिसनं आपलं युकुलेले त्याच्यापुढे धरलं. "घे. रेडीमेड हाय. उचलायचं आन् वाजवायचं."

भुजंग लाजला, पण घेतलं. बेंजोला बोटं पसरावी लागतात, इथं हात नुसता दांड्याभोवती हवा, म्हणून आम्हालाही आशा होती. पण दांडा त्याच्या मुठीत बसेना. बोटांची टोकं तारांपर्यंत पोचेनात. त्यानं वेगवेगळ्या तऱ्हेनं धरून पाहिलं आणि मग सदऱ्यानं पुसून परत दिलं.

"चांगलं हाय रं," तो म्हणाला, "पर दुसऱ्या कुणाच्या तरी हातासाठी केलंय."

अण्णा डबा खात होते. त्यांनी डबा झाकला. "मग तुझ्या हातासाठी करू की," म्हणाले आणि ते सुट्या तुकड्यांचं खोकं उचलून घेऊन गेले.

* * *

आम्हाला वाटलं, आता कॅलिपर निघेल, भुजंगाच्या बोटांची मापं घेतली जातील. अण्णांनी मेण आणलं. आमच्याकडे पॅटर्नचे कोपरे भरायला ते लागायचंच. ऊन दाखवून मऊ केलं आणि गोळा भुजंगाच्या डाव्या हातात दिला.

"धर. जोर लावायचा न्हाय. सुखानं जेवढं धरवंल तेवढंच."

भुजंगानं धरलं आणि सोडलं. अण्णांच्या तळहातावर एक वाकडातिकडा, आंब्याच्या कोयीसारखा आकार राहिला. आम्ही जन्मभर पोकळीचाच धंदा केला, पण माणसाच्या मुठीतली पोकळी अशी बाहेर काढून कुणी हातावर ठेवलेली मी पाहिली नव्हती.

भुजंगानं तो गोळा उजव्या हातात घेऊन फिरवून पाहिला. "अण्णा, एवढीच जागा ऱ्हायली व्हय?"

"एवढी म्हंजे लई झाली," अण्णा म्हणाले.

* * *

उन्हाळ्याचे दिवस, मेण कुठलं टिकायला! म्हणून तोच आकार ॲल्युमिनियममध्ये ओतायचं ठरलं. साचा भुजंगानंच भरला. ओतायची वेळ आली तसे आम्ही दोघंतिघं पुढे झालो, कारण अपघातापासून तो रसाजवळ उभा राहत नसे. त्यानं आम्हाला मागे सारलं. "माझी मूठ हाय ती, मीच वततो." उजव्या हातावर भार घेऊन, डाव्याचा नुसता आधार देऊन त्यानं ओतलं. एक थेंब बाहेर गेला नाही.

त्या ओतीव तुकड्यावरून अण्णांनी दांडा घासला. भुजंगाला दिला तर सैल! लाकडाला नावं ठेवून झाली, हवेला झाली, भुजंगाच्या जेवणालाही झाली. तेवढ्यात अण्णांनी कपाळावर हात मारून घेतला. धातू थंड होताना आकसतो, म्हणून आम्ही प्रत्येक पॅटर्न थोडा वाढीव करतो. शिकाऊ पोरालाही पहिल्या दिवशी हेच शिकवतात.

"जलमभर लोखंडाला आकसायला जागा दिली," अण्णा म्हणाले, "आन् आपल्या माणसाच्या कामात इसरलो!"

घासलेलं लाकूड काही परत वाढत नाही. अण्णांनी गावाकडून फणसाचं जुनं लाकूड आणलं आणि नवा दांडा केला, या वेळी वाढीव मापाचा. तो भुजंगाच्या मुठीत असा बसला की त्यानं दिवसभर खाली ठेवला नाही, चहासुद्धा उजव्या हातानंच प्याला. मग अण्णांनी खोक्यातल्या फळ्या, खुंट्या, तारा जोडून वाद्य पुरं केलं आणि भुजंग रोज सुट्टीत त्यावर हात बसवू लागला.

* * *

या सगळ्यात फ्रान्सिस आम्हाला चिडवत असे. "खटाटोप बघा ह्यांचा! माझं बघा, भिंतीवर अडकवलंय, कवाबी काढा, वाजवा."

ती भिंत कोअर, म्हणजे साच्यात पोकळी राखायला ठेवतात ते वाळूचे गोळे, भाजायच्या भट्टीला लागून होती. एका दुपारी ठप्प आवाज झाला. उष्णतेनं डिंक सुटून तारांखालची पट्टी निखळली होती, मागची फळीही उलली होती. फ्रान्सिस सगळे तुकडे टोपलीत घालून अण्णांसमोर येऊन उभा राहिला.

"अण्णा, माझ्या रेडीमेडचंबी किट झालं."

* * *

त्या वर्षी भुजंगानं जयंतीला सुट्टी टाकली. अण्णा, फ्रान्सिस आणि मी त्याच्याबरोबर निपाणीच्या बसमध्ये बसलो. येतोय म्हणून त्यानं कुणालाच कळवलं नव्हतं. वाद्य टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतलं होतं.

पार्टी एका घरात जमली होती. बाहेर माणसांची ये-जा आणि गलबला चालला होता. ढोलकीवाले आप्पा आतल्या अंगाला, दाराकडे पाठ करून ढोलकीच्या दोऱ्या ओढत बसले होते. भुजंगाचे जुने जोडीदार. भुजंग उंबऱ्यातच थांबला.

"अण्णा, जमंल न्हवं?" तो हळूच म्हणाला.

अण्णांनी त्याच्या पाठीला हात लावून त्याला पुढे सारलं. भुजंग आत जाऊन भिंतीला टेकून बसला. टॉवेल सोडला. तारा लागल्यात का बघायला त्यानं एका गाण्याची ओळ अगदी हलक्या हातानं वाजवली. ओळ आमच्या ओळखीची नव्हती. हे वाद्य निपाणीत त्याआधी कुणी ऐकलं असेल असं मला वाटत नाही. आणि बोटं तर ती तसलीच, अर्धी मिटलेली.

आप्पांनी मागं वळून पाहिलं नाही. हातातली दोरीही सोडली नाही.

"भुजंगा," ते म्हणाले, "लई उशीर केलास रं. सूर दे."