जुन्या पायरीवर

बाबांच्या पुस्तकांच्या दुकानाची वेबसाइट आज सकाळी नव्या सर्व्हरवर हलवली. होस्टिंगच्या पॅनेलमध्ये डीएनएसच्या, म्हणजे साइटच्या पत्त्याच्या नोंदी उघडल्या, एका ओळीतला जुना पत्ता खोडून नवा लिहिला आणि सेव्ह केलं.

“झालं?” बाबांनी विचारलं.

“झालं. पण सगळीकडे कळायला दिवस जाईल. तोवर काहीजण जुन्याच जागी येतील.”

“मग जुनं इतक्यात बंद करू नकोस.”

दुकान गल्लीतून हमरस्त्यावर आणलं, तेव्हा बाबा महिनाभर रोज संध्याकाळी जुन्या पायरीवर बसायचे. सवयीने येणाऱ्याला सोबत घेऊन नव्या दुकानात यायचे. मला ते तेव्हा उगीच वाटायचं. पत्ता क्षणात बदलतो, पायांना मात्र वेळ लागतो.

संध्याकाळी पाहिलं, तर जुन्या सर्व्हरवर तिघंजण येऊन गेले होते. बाबांना सांगितलं.

“पाणी विचारलंस का गं त्यांना?”