बघू, अर्ज ठेवून जा

पंचेचाळिशीत पुन्हा बाकावर बसशील असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण बसले. दर रविवारी जालन्याच्या अभ्यासकेंद्रात, कॉलेजच्या पोरांच्या मापाच्या अरुंद बाकांवर आम्ही काही पोलीस अधिकारी गुडघे आखडून बसायचो. सगळे शिपाई म्हणून भरती झालेले आणि परीक्षा देत देत वर आलेले. पदव्युत्तर अभ्यासक्रमाचं नाव लांबलचक होतं. त्यात पोलीस होते, प्रशासन होतं, व्यवस्थापन होतं. व्यवस्थापन म्हणजे काय, हे फळ्यावर लिहून होईपर्यंत अर्धा वर्ग पेंगायला लागायचा. आठवडाभराच्या ड्यूटीनंतर पंख्याखाली बसायला मिळालं की दुसरं काय होणार?

एका छोट्या ठाण्याचा चार्ज मला मिळाला तेव्हा वरिष्ठांनी सांगितलं होतं की चोर पकडायचे दिवस संपले, आता माणसं चालवायला शिका, पदवी घेऊन टाका. मी मान डोलावली. वरिष्ठांपुढे मान डोलावण्याखेरीज दुसरं काही करायची मला सवय नव्हती.

ठाणं भोकरदनकडचं. तिथे बायका दोनच, मी आणि एक महिला शिपाई. एखादी बाई तक्रार घेऊन आली तर तिच्याशी बोलायला बाईमाणूस हवंच, म्हणून आम्हा दोघींपैकी एक कायम ठाण्यात. माझे रविवार वर्गात जायचे, म्हणजे तिचे ठाण्यात जायचे. ती केदारखेड्याच्या बाजूची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. वडील अजूनही कळपामागे फिरतात. नवरा जालन्याच्या एमआयडीसीत लोखंडाच्या मिलमध्ये आहे. त्याला रविवारची सुट्टी, हिला नेमकी तेव्हाच ड्यूटी. तिने कधी तोंड वाकडं केलं नाही. जो तोंड वाकडं करत नाही त्याच्यावरच जास्त काम पडतं, आणि ते टाकणारी मीच होते.

एका दुपारी ती माझ्या टेबलासमोर येऊन सावधानमध्ये उभी राहिली.

"मॅडम, फौजदाराची खात्यातली परीक्षा देऊन राह्यले. पेपर पुढच्याच्या पुढच्या रविवारी हाय, संभाजीनगरला. तेवढा दिवस सोडलं तं बरं होईल."

त्याच रविवारी माझ्या वर्गाचं शेवटचं सत्र होतं. तिथली हजेरी सक्तीची. चुकली तर परीक्षेला बसता येणार नव्हतं, सगळं पुढच्या वर्षावर. त्या बाकावर आणखी एक वर्ष बसायच्या कल्पनेनेच माझी कंबर दुखायला लागली. मी वर न बघता म्हणाले, "बघू. अर्ज ठेवून जा."

ती अर्ज ठेवून गेली.

हे वाक्य मी अर्धं आयुष्य ऐकलेलं आहे. साहेब सरळ नाही म्हणाले तर माणूस निदान चडफडू तरी शकतो. 'बघू' म्हटलं की तेही नाही, नुसतं ताटकळायचं. याच 'बघू'पायी शिपाई लोक घरच्यांना आजारी पाडतात, मारून टाकतात. माझ्या ओळखीतल्या एका हवालदाराची आजी इतक्यांदा वारली होती, की ती खरोखर गेली तेव्हा त्याला कुणी सोडेना. आणि रजा मिळाली म्हणजे मिळाली असंही नसतं. मी शिपाई असताना भावाच्या हळदीला माहेरी, अंकुशनगरला निघाले होते. साखर कारखान्याच्या फाट्यावर बसमधून उतरले आणि ठाण्यातून फोन आला. तशीच परत. हळद लागली, लग्न झालं, मी बंदोबस्तात. तेव्हापासून रजा मिळाली की मी आधी फोन बंद करायची. ही मुलगी ठाण्यात नवी आली तेव्हा कामाच्या आधी तिला हेच शिकवलं होतं, की रजेवर निघालीस तर फोन बंद, आणि काम उरकल्याशिवाय चालू करायचा नाही.

मधल्या रविवारी वर्गात सरांनी एक खेळ घेतला. सर तरुण होते. वर्दी त्यांनी कधी घातली नव्हती, पण शिकवायचे मनापासून. दोघा-दोघांनी पुढे यायचं, एकाने अधिकारी व्हायचं आणि दुसऱ्याने रजा मागायला आलेला शिपाई. माझ्या वाट्याला शिपाई आला. मी उभी राहिले आणि टाचा आपोआप जुळल्या. नजर समोरच्याच्या डोक्यावरून भिंतीवर गेली, आवाज मऊ झाला. वर्गाने टाळ्या वाजवल्या. समोर अंबडकडचे एक जाडजूड अधिकारी होते. त्यांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बघू. अर्ज ठेवून जा."

वर्ग खो-खो हसला. सरांनी जोड्या बदलल्या, भूमिका बदलल्या. रजा सगळ्यांनी झकास मागितली. उत्तर मात्र प्रत्येकाने तेच दिलं, मीसुद्धा. शेवटी सरांनी हसणं थांबवून विचारलं, की तुम्हाला दुसरं काही बोलताच येत नाही का? माझ्या डोळ्यासमोर माझं टेबल आलं आणि मला एकदम फार दमल्यासारखं झालं. दुसरं बोलणं धड्यात वाचून येणारं नव्हतं.

वर्ग सुटल्यावर मी सरांना गाठलं. पुढच्या सत्राला येता येणार नाही, का येता येणार नाही, सगळं सांगितलं. ते घाईत पिशवी भरत होते, त्यांची बस होती.

"बघू, मॅडम," ते म्हणाले. "अर्ज ठेवून जा."

आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. मीही दाखवून दिलं नाही. वहीचं पान फाडून अर्ज लिहिला, टेबलावर ठेवला आणि उडू नये म्हणून वर डस्टर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तिला बोलावून सांगितलं, रविवारी जा. तिला खरं वाटेना. आणि कौतुक असं, की तिला काळजी माझी.

"मंग तुमच्या वर्गाचं कसं, मॅडम?"

"माझं मी बघते," मी जवळजवळ खेकसलेच. "तू तुझा पेपर बघ."

मला उदार-बिदार काही वाटत नव्हतं. राग येत होता. तिचा, सरांचा, त्या बाकाचा, आणि हातातून चाललेल्या वर्षाचा. सरांकडून काही निरोप नव्हता.

रविवारी ती पहाटेच्या बसने गेली. मी ठाण्यात पुस्तक उघडून बसले. नेतृत्वाचा धडा होता. दोन पानं झाली असतील-नसतील तोच कंट्रोल रूमचा फोन आला. जालन्यात अचानक मोर्चा निघाला होता, महिला कर्मचारी लगेच पाठवा. मी होय म्हणाले, फोन ठेवला आणि तिला फोन लावला. विचार करून नाही, बोटांनीच लावला. इतक्या वर्षांची सवय. लावल्यावर कळलं आपण काय करतोय. ती आत्ता परीक्षा केंद्राच्या दारात असेल. मी बोलावलं तर ती येईल, एक शब्द न बोलता.

फोन बंद होता.

मी खुर्चीत मागे टेकले. इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. मग कंट्रोलला उलट फोन करून सांगितलं, की पाठवायला कुणी नाही. महिला शिपाई परीक्षेला गेली आहे, रजा मी दिली आहे. पलीकडचा म्हणाला, साहेब विचारतील. मी म्हणाले, विचारू द्या. साहेबांनी विचारलं आणि चांगलं झापलं. या वेळी मी मान डोलावली नाही. फोनवर ते त्यांना दिसलं नसेल, ते सोडा.

दिवस कलला तसा तिचा फोन आला. मागे स्टँडचा गलका होता.

"मॅडम, पेपर झाला. चांगला गेला. फोन आत्ताच चालू केला तं तुमच्या मिस्ड कॉलचा मेसेज आला." तिचा आवाज हळू झाला. "काई काम व्हतं का?"

"न्हाई," मी म्हणाले. "काही नव्हतं. जेवून निघ."