चुलीत हात घालणाऱ्या कुसुमताई

कुसुमताईंची पंच्याहत्तरी आहे, तेव्हा सगळं गोड लिहा, असं गौरव अंकाच्या संपादकांनी बजावलं आहे. प्रयत्न करतो. पण खरं सांगायचं तर पहिल्याच भेटीत ताईंनी मला जीव नकोसा करून टाकला होता.

आमची संस्था यवतमाळची. झरी जामणीतल्या एका पोडावर, म्हणजे आदिवासी पाड्यावर, आम्ही घरोघरी बिनधुराच्या चुली बांधल्या होत्या. निधी देणाऱ्यांच्या वतीने ताई मूल्यमापनाला आल्या त्या आमची जीप नाकारून, एस.टी.ने. शाल-श्रीफळ, फोटोंचा फलक, सगळी तयारी होती. ताईंनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्या थेट एका घरात शिरल्या आणि त्यांनी चुलीत हात घातला. आदल्या दिवशी आम्हीच सगळ्या चुली सारवून घेतल्या होत्या. ताईंनी राख कुठे आहे म्हणून विचारलं. घरातल्या वयस्कर लक्ष्मीबाई निवांतपणे म्हणाल्या, "हिच्यात कोंबडी बसते, बाई. सैपाक आमी भाईर करतो."

झालं! तीन वर्षांची मेहनत कोंबडीखाली गेली. कामाच्या पुढच्या टप्प्याचा निधी ताईंच्या अहवालावर ठरायचा होता. 'सुधारणेस वाव आहे' एवढंच लिहा, अशी मी विनवणी केली. ताईंनी साफ नकार दिला. वर त्यांची एक जाचक पद्धत होती. अहवाल पाठवण्याआधी तो गावासमोर वाचायचा, आणि तोही संस्थाप्रमुखानेच. काय करता? पोडावरच्या शाळेच्या ओट्यावर उभं राहून मी माझंच अपयश मोठ्यानं वाचलं. वाचून झाल्यावर चिडून विचारलं, की एवढी वर्षं कोणी बोललं काहून नाही?

"चुलीचं तोंड लहान, आमचं भांडं मोठं," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "पन तुमी इचारलं कधी? याचे, फोटो काढाचे, चालले जाचे."

पुढचा टप्पा गेलाच. मी ताईंशी बोलणं टाकलं. त्या मात्र दर पंधरवड्याला फोन करून, बायकांना विचारलं का, एवढंच विचारत. नुसता वैताग! अखेर एकदा जाऊन विचारलं. चुली नव्यानं बांधल्या, त्या बायकांच्या भांड्यांच्या मापाच्या. आता त्यांच्यावर रोजचा भात शिजतो.

मागच्या महिन्यात आमच्या संस्थेचं पुन्हा मूल्यमापन झालं. मोबाइलवर एक फॉर्म आला. मीच भरला, मीच 'उत्कृष्ट' लिहिलं. पोडावर कोणी फिरकलं नाही.

ताई, गुडघे सांभाळा, औषधं वेळेवर घ्या, खूप खूप जगा. आणि जमेल तेव्हा एस.टी. धरून या, आम्हाला नापास करून जा.