नानांनी निवाडलेला आंबा

मेहरूण भागातल्या माझ्या घरी परवा शेजारची वकिली शिकणारी मुलगी मोबाइलवर जुन्या कागदाचा फोटो घेऊन आली. "मावशी, 'निवाडणे' म्हणजे काय हो?" मी तोऱ्यात म्हटलं, "न्याय करणे." मग आठवून आणखी दोन अर्थ सांगितले: वेगळं करणे आणि संपवणे. पहिले दोन मला मान्य आहेत. तिसऱ्यावर माझा फारसा भरवसा नाही.

माझे वडील, नाना, साक्रीकडच्या आमच्या गावात भांडणं निवाडायचे. कोर्टाची पायरी चढण्याआधी लोक त्यांच्याकडे येत. एकदा सख्ख्या बहिणीचंच भांडण आलं. यजमान गेल्यावर आत्या शेत एकटीने कसायची. दोघांच्या शेतांमधल्या बांधावरच्या आंब्यावरून तिचं आणि धाकट्या दिराचं बिनसलं. दोघंही म्हणाले, नाना निवाडतील ते मान्य. आत्या तर निर्धास्त होती. भाऊच पंच म्हटल्यावर आंबा जातो कुठे!

आमच्याकडे हद्दीचा दगड रोवताना खाली कोळसे पुरत. दगड सरकवता येतो. कोळसा कुजत नाही आणि कुणाच्या लक्षातही राहत नाही. नानांनी दगडाखाली खणायला लावलं, काहीच निघालं नाही. कोळसे निघाले चार हात अलीकडे, आत्याच्या शेतात. म्हणजे आंबा दिराचा. दगड कुणी सरकवला होता ते सगळ्यांना कळलं, पण गेलेल्या माणसाचं नाव कुणी घेतलं नाही.

"भाऊ, तू मना शे का त्यासना?" आत्याने सगळ्यांदेखत विचारलं, माझा की दिराचा.

"अक्का, आज मी कोनाच नही," नाना म्हणाले.

त्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आत्या माहेरी आली नाही. पुढच्याही नाही. लेकीबाळी आल्याशिवाय खानदेशात आखाजी होत नाही. आई झोका बांधायची आणि नाना "तंबाखू आणतो" म्हणून एसटी स्टँडवर दोन-दोन तास बसायचे. मला त्यांचा राग यायचा. एवढं हरिश्चंद्र व्हायची काय गरज होती? मला आत्या हवी होती, बस.

तिसऱ्या आखाजीला दारात आत्याचा दीर उभा, आणि मागे पदर सावरत आत्या. दीर म्हणाला, "नाना, आंबा माले भेटी ग्या. पन वहिनीनं माहेर मी मांगेल नव्हतं."

नाना उभ्या उभ्या रडायला लागले. आत्या त्यांच्या शेजारून सरळ आत गेली आणि चुलीपाशी बसत ओरडली, "भाऊ, रडस काय? मना दिरले बस तरी म्हन!"