मूठभर फट

विश्राम पालव उद्या सकाळी मूठ घालून बघेल, मूठ सहज आत जाईल आणि तो निघेल. संध्याकाळपासून माझ्या डोक्यात हेच फिरतं आहे. भांडी घासून झाली, कपड्यांच्या घड्या झाल्या, तरी ती मूठ दिसतेच.

मुठीचं आधी सांगायला हवं. विश्राम चंदीगडमध्ये क्रेन चालवतो, बंद पडलेले ट्रक आणि बस ओढून आणायची. तोंडाकडून उचललेल्या ट्रकचं वजन क्रेनच्या मागच्या चाकांवर येतं. तिथल्या कमानी, म्हणजे पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगा, दबतात आणि क्रेनची पाठ खाली बसते. किती बसली हे तो डोळ्यांनी बघत नाही. खाली उतरतो, मागच्या चाकाशी वाकतो आणि एक्सल आणि वरचा सांगाडा म्हणजे चॅसिस यांच्या मधल्या फटीत उजवी मूठ घालतो. मूठ गेली तर निघायचं. अडकली तर उचललेलं ओझं परत जमिनीवर ठेवायचं, मग शेजारी पोलीस इन्स्पेक्टर कितीही शिव्या देवो. हे माप तो फौजेत शिकला आणि तीस वर्षांत ते एकदाही चुकलेलं नाही.

उद्या चुकेल. हे नरेशला माहीत आहे आणि मला माहीत आहे. विश्रामला माहीत नाही. नरेश माझा मुलगा.

विश्राम मूळचा देवगडकडचा. अठराव्या वर्षी फौजेत गेला आणि चिखलात रुतलेल्या, सुरुंगाने उडालेल्या गाड्या ओढून काढायच्या पलटणीत लागला. चंडीमंदिरच्या छावणीतून हवालदार म्हणून निवृत्त झाला, पण गावी परत गेला नाही. लिलावात फौजेचा जुना ट्रक घेतला, त्यावर स्वतःच्या हाताने क्रेन बसवली आणि रामदरबार कॉलनीत दोन खोल्या केल्या. पाच वर्षांपूर्वी बायको काविळीने गेली. मुलगी लीना सतरा वर्षांची आहे. पंजाबातले हे दिवस असे आहेत, अतिरेकी बस अडवून माणसं मारतात, म्हणून तिला घरी एकटी ठेवत नाही, शाळेला सुट्टी असली की क्रेनच्या कॅबिनमध्ये शेजारी बसवतो. ती पुस्तक वाचत बसते आणि बाप बाहेर जळलेल्या बसला साखळ्या बांधत असतो.

आमची ओळख इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीतली. आम्ही बदलीवर आलेली माणसं. माझे यजमान आता जबलपूरला आहेत आणि मी नरेशच्या वर्कशॉपसाठी इथे राहिले आहे. मंडळात कर्नल, ग्रुप कॅप्टन, डायरेक्टर. त्यांच्यात विश्रामला सगळे ‘क्रेनवाला’ म्हणत. मांडवाचे खांब आणायला तो लागे, जेवायच्या पंगतीत त्याच्याशेजारची खुर्ची रिकामी राही. माझ्या घरी त्याच्यासाठी वेगळा स्टीलचा पेला होता. त्याच्या हातांना डिझेलचा वास येतो, असं मी स्वतःला सांगत असे. त्याला ते कळत होतं. एकदा कपबशा मांडलेल्या असताना तो म्हणाला, “वहिनी, माझा पेला कुठे गेला? त्याच्याशिवाय चहा गोड लागत नाही.”

जिभेने तो असाच होता. हळदीकुंकवाला लीनाला सोडायला आला आणि दारातच उभा राहून सांगायला लागला, “काल जी बस आणली ना, तिच्यातून अकरा चपला निघाल्या. जोड एकच जमला.”

स्मिताताई, कर्नलसाहेबांच्या पत्नी, हातातली अत्तरदाणी खाली ठेवून म्हणाल्या, “विश्राम, हे इथे नको हो.”

“मग कुठे सांगू बाईसाहेब? बस इथूनच सुटली होती.”

तो हसत हसत गेला. बायका बराच वेळ एकमेकींच्या साड्यांविषयी बोलत राहिल्या.

अशा बस तोच आणायचा. त्या रस्त्यांवर अंधार पडायच्या वेळी दुसरे क्रेनवाले जात नसत. मी एकदा विचारलं, भीती नाही वाटत? तर म्हणाला, “माका काय होना नाय. मारायला येणाऱ्यालाही कधीतरी गाडी ओढून हवी असतेच.” हा विनोद होता की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी नरेशने डिप्लोमा करून इंडस्ट्रियल एरियात, फेज टूमध्ये, कमानी आणि एक्सलचं वर्कशॉप काढलं. काम शिकवायला विश्राम स्वतःहून यायचा. पण तो शिकवायचा म्हणजे सोलून काढायचा. “डिप्लोमा भिंतीवर लाव आणि तू गाडीखाली ये,” असं सहा कारागिरांसमोर म्हणायचा. नोव्हेंबरात एका टिपरच्या कमानीचा नट नरेशकडून ढिला राहिला. विश्रामने तो बोटाने फिरवून दाखवला आणि मग नरेशच्या कानाखाली वाजवली.

“हा रस्त्यात सुटला असता तर मागच्या स्कूटरवाल्याचं डोकं फुटलं असतं. ते डोकं तुझं असतं तर मला वाईट वाटलं नसतं.”

नरेश घरी आला, गालावर बोटं उमटलेली. मी मराठीत विचारते, तो हिंदीत उत्तर देतो, लहानपणापासून असंच आहे. म्हणाला, “मम्मी, वो बुड्ढा एक दिन मेरे हाथ से मरेगा.” मी हळद लावली आणि म्हटलं, असं बोलू नये.

डिसेंबरात विश्रामच क्रेन घेऊन त्याच्याकडे गेला. कालक्याच्या रस्त्यावर आता मोठे ट्रेलर येतात, ते उचलले की क्रेनची पाठ बसते आणि मूठ अडकते. त्याला मागच्या कमानी जाड करून हव्या होत्या आणि एक्सल मोठ्या गाडीचा हवा होता. “आधी हाड, मग मांस,” असं तो त्या दिवशी माझ्यासमोर नरेशला म्हणाला. “एक्सल बदलल्याशिवाय कमानीला हात लावायचा नाही. कमानीला दुखलं तर ती वाकून सांगते. एक्सल सांगत नाही, एकदम तुटतो.” तसा एक्सल लुधियानाच्या जुन्या बाजारात मिळतो. तिथे जाऊन हातोडी मारून बघायचं. आवाज घंटेसारखा खणखणीत आला तर घ्यायचा, फुटक्या मडक्यासारखा आला तर सोडायचा. जायचं नरेशने.

नरेश निघाला होता. मला हे नीट लिहायचं आहे, तो निघाला होता, स्वेटर घालून. त्याच आठवड्यात त्या रस्त्यावर एका बसमधून माणसं खाली उतरवून मारली होती. मी स्कूटरची चावी ब्लाउजमध्ये घातली आणि दाराशी बसले. म्हटलं, माझ्यावरून जा. तासभर तो ओरडला. मग स्वेटर काढला.

आठ दिवसांनी क्रेन तयार झाली. सातच्या जागी अकरा पाटे घातलेल्या कमानी, खाली काळा चकचकीत नवा एक्सल. मला वाटलं, इथेच कुठे मिळाला असेल. मी विचारलं नाही. विश्राम क्रेन न्यायला निघाला तो आधी आमच्याकडे आला, लीनाने केलेले बेसनाचे लाडू घेऊन. पेला हातात धरून त्याने विचारलं, “वहिनी, खरं सांगा. पोरगा लुधियानाला जाऊन आला?”

त्याच्यासमोर मला लाज वाटली. हा माणूस सतरा वर्षांच्या मुलीला घेऊन जातो त्या रस्त्यांवर, आणि मी चोवीस वर्षांच्या मुलाची चावी लपवून बसले होते. मी म्हटलं, “हो. जाऊन आला.”

विश्रामने पेला खाली ठेवला. मग म्हणाला, “मग छाती आहे पोराला. मी उगाच हात उचलला.”

वर्कशॉपमध्ये त्याने सगळ्यांसमोर नरेशचा तोच गाल थोपटला. कारागिराने हातोडी पुढे केली होती, आवाज बघायला. विश्रामने ती परत दिली. जो जिवावर उदार होऊन सामान आणतो त्याचं सामान ठोकून बघायचं नसतं, असं काहीतरी म्हणाला. ही त्यांच्या धंद्यातली रीत आहे. मला हे नरेशने सांगितलं, आणि सांगताना तो हसत होता.

आज पाच वाजता लीनाचा पिंजौरहून फोन आला. “आंटी, पापाने कहा है नरेश भैया को बता देना, कल सुबह कालका के ऊपर से लोडेड ट्रेलर उतारेंगे. नई गाडी का पहला बडा काम है. बहुत खुश हैं.” रात्री ते पिंजौरच्या पेट्रोल पंपावरच थांबणार, उजाडताच वर जाणार. काही लागलं तर म्हणून तिने पंपाचा नंबर दिला. मी तो दुधाच्या कार्डावर लिहून घेतला.

जेवताना मी नरेशला निरोप सांगितला. त्याचा घास हातात राहिला.

“लोडेड? पूरा?”

“हो. का रे?”

“कुछ नहीं.”

“नरेश.”

“एक्सल फेज वन के कबाडी से लिया था. हाऊसिंग में क्रॅक था.” हाऊसिंग म्हणजे ज्या जाड लोखंडी नळीत एक्सल फिरतो ती. “मैंने वेल्ड मार दिया. घिस के काला पेंट कर दिया. टूटेगा नहीं.” मग पाणी प्यायला. “शायद.”

“आणि कमानी?”

“कमानी तो एकदम पक्की है. मेरा काम है.”

तेव्हा मला मूठ दिसली. अकरा पाट्यांची कमान आता दबणारच नाही. ट्रेलर उचलल्यावरही पाठ सरळ राहील, फट तेवढीच राहील, आणि उतारावर सगळं वजन त्या वेल्डवर येईल. विश्राम खाली वाकेल, मूठ घालेल, समाधानाने हात पुसेल. त्याची गाडी त्याच्याशी खोटं बोलेल आणि ते तिला आम्ही शिकवलं आहे.

मी म्हटलं, “आत्ता फोन कर.”

“करूंगा तो वो रातोरात लोहे की टॉमी लेकर आएगा. फेज टू में कोई मुझे नट तक नहीं कसने देगा.”

“लीना आहे गाडीत.”

ताट सरकवून तो म्हणाला, “थप्पड मैंने खाई थी, मम्मी. और लुधियाना से आया है, ये उसको किसने बोला? मैंने तो नहीं बोला.”

खरं आहे, त्याने कधीच तसं सांगितलं नव्हतं. तो झोपायला गेला. त्याला झोप लागली, हे मी दाराशी जाऊन ऐकून आले आहे.

तेव्हापासून मी वाटा शोधत बसले आहे. काम रद्द आहे असा निरोप ट्रेलरच्या मालकाला द्यावा? तो कोण हे मला माहीत नाही. रस्ता बंद आहे, गोळीबार झाला आहे, असं लीनाला कळवावं? तसं कळलं तर विश्राम तासभर आधीच निघेल. नरेशचं नाव न घेता सांगता येईल का, हेही पाहिलं. प्रत्येक वाटेवर मला आणखी एक खोटं बोलावं लागतं, आणि पहिलंच माझं होतं. ते नसतं तर विश्रामने हातोडी मारली असती, फुटक्या मडक्याचा आवाज ऐकला असता, नरेशला आणखी चार थपडा बसल्या असत्या आणि गोष्ट संपली असती.

एक घाणेरडी गोष्टही लिहून ठेवते. अर्धा तास मी असा हिशोब केला की वेल्ड टिकलंच तर कुणाला काही कळायचं कारण नाही. टिकलं नाही तर गाडी दरीत असेल, तिथे कोण रंग खरवडायला बसतंय. नरेश वाचतो. आईच्या मनात हे येतं आणि ते मनात असतानाच ती उठून दूध झाकून ठेवते. अकरा चपलांचं ऐकून मी त्या दिवशी विश्रामला निर्दय म्हटलं होतं.

पिंजौरच्या पंपावर फोन केबिनमध्ये आहे आणि चौकीदार तिथेच झोपतो, असं लीना म्हणाली होती. घंटा बराच वेळ वाजवावी लागेल. मी बाहेरच्या खोलीतूनच करणार, नरेश जागा झाला तर होऊ दे. चौकीदाराला सांगेन, क्रेनवाल्या पालवांना उठवा. आणि तो आला की पहिल्या वाक्यात सांगेन, विश्राम, नरेश लुधियानाला गेला नव्हता, मी जाऊ दिलं नाही आणि तुमच्याशी खोटं बोलले. मूठ घालू नका. गाडीखाली शिरा, काळा रंग खरवडा आणि हातोडी मारा.

मग तो जे बोलेल ते ऐकून घेईन. फोन मी आधी ठेवणार नाही.