दारातला माणूस
पुण्याच्या थेटरात गार हवा असेल, पण आमच्या लातुरातल्या गल्लीच्या थेटरातल्यासारखा डोअरकीपर नसेल. त्र्याण्णवचा भूकंप झाल्यापासून खेळ चालू असताना हा दार लावतच नाही. पडद्यावर उजेड येतो म्हणून क्लासची पोरं कुरकुरली, की म्हणतो, "दिसंना तर पुढं बसा."

परवा भूकंपावरचा माहितीपट होता. पडद्यावर गडगडाट झाला आणि माझ्या वडिलांसकट सगळी वयस्कर माणसं बाहेर पळाली. पोरं हसली. डोअरकीपरनं खेळ थांबवला.

"हसायलाव व्हय? त्या पहाटं असंच पळाले, म्हणून जित्ते हायत."

सगळ्यांना हाताला धरून आत बसवलं, पिच्चर पहिल्यापासून लावायला सांगितला आणि स्वतः दारात उभा राहिला. पुन्हा गडगडाट झाला. वडिलांनी मागं वळून त्याच्याकडं पाहिलं आणि ते बसून राहिले.